नाकातून गळणारे सगळेच पाणी सर्दीचे नसते

कान-नाक-घसा विभागाच्या ओपीडीत ठरावीक काळाने एक ठरावीक कहाणी येते. पंचेचाळिशीची, वजन थोडे जास्त असलेली बाई. तक्रार एवढीच, की नाकाच्या एका बाजूने पाणी गळते. केर काढायला वाकले की थेंब टपकन जमिनीवर पडतो, सकाळी उशी ओली असते, घशात खारट चव लागते. सोबतच्या पिशवीत जुन्या केसपेपरांची थप्पी, आणि प्रत्येकावर एकच शब्द : ॲलर्जी. गोळ्या झाल्या, स्प्रे झाले, वाफारे झाले, धुळीपासून जपून झाले. गळती काही थांबलेली नाही. ज्यांचे नशीब खडतर, त्यांचे निदान ओपीडीत होतच नाही. एके दिवशी सणसणून ताप येतो, मान ताठ होते, माणूस बरळू लागतो, आणि अतिदक्षता विभागात कुणीतरी नातेवाइकांना विचारते, ‘यांच्या नाकातून पाणी येत होते का?’

हे पाणी मेंदूभोवतीचे असते. डॉक्टर त्याला ‘सीएसएफ’ म्हणतात. मेंदू आणि मज्जारज्जू या द्रवात जणू तरंगत असतात. प्रौढ माणसात एका वेळी तो साधारण १५० मिलिलिटर असतो, पण दिवसाकाठी सुमारे ५०० मिलिलिटर नव्याने तयार होतो आणि जुना रक्तात शोषला जातो. नाकाचे छत म्हणजेच मेंदूच्या तळाची जमीन. या दोहोंमधले हाड काही ठिकाणी अंड्याच्या कवचासारखे पातळ असते, आणि वासाच्या नसा जिथून खाली उतरतात तिथे तर ते चाळणीसारखे सच्छिद्र. तिथे हाड तडकले आणि त्यावरचे आवरण फाटले, की पाणी नाकात उतरते. ज्या वाटेने पाणी खाली येते त्याच वाटेने नाकातले जंतू वर जाऊ शकतात. खरा धोका हा आहे. गळती नुसती त्रासदायक असते, मेंदूच्या आवरणाचा जंतुसंसर्ग जीव घेतो.

आपल्याकडे याचे सर्वांत मोठे कारण अपघात. हेल्मेट न घालता दुचाकीवरून पडलेल्या तरुणाच्या नाकातून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाणी येऊ लागले, तर ते नाक शिंकरून काढायचे नसते. अशा रुग्णाच्या नाकातून पोटात नळीही घालू नये, हे कॅज्युअल्टीतल्या नव्या डॉक्टरला पहिल्या आठवड्यातच सांगायला हवे. सुदैवाने अपघातानंतरची बहुतेक गळती डोके उंच ठेवून विश्रांती घेतली की आठ-दहा दिवसांत आपोआप थांबते. सायनसच्या किंवा पिट्युटरी ग्रंथीच्या शस्त्रक्रियेनंतरही गळती होऊ शकते. काहीही न लागता सुरू होणारी गळती मात्र फसवी. डोक्यातला दाब वर्षानुवर्षे वाढलेला असतो, त्याने पातळ हाड झिजत जाते आणि एक दिवस भोक पडते. २०२०मध्ये अमेरिकेत करोनाच्या नाकातल्या चाचणीनंतर एका महिलेला अशी गळती सुरू झाल्याची नोंद प्रसिद्ध झाली आणि चाचणीविषयी नाहक घबराट पसरली. त्या महिलेच्या नाकाच्या छतात आधीपासूनच दोष होता आणि तो तोवर कुणाच्या लक्षात आला नव्हता.

निदानाची पहिली पायरी फुकटची आहे. पाणी एकाच बाजूने येते का, वाकल्यावर वाढते का, हे दोन प्रश्न. रुग्णाला ओपीडीतच मिनिटभर पुढे वाकवून बसवले, तर अनेकदा नमुना हातात मिळतो. साखरेच्या पट्टीवर भरवसा ठेवण्याची जुनी सवय मात्र सोडावी. अश्रू आणि शेंबूडही ती पट्टी फसवतात. खात्रीची तपासणी म्हणजे बीटा-२ ट्रान्सफेरिन. नमुना एक मिलिलिटरही लागत नाही, पण ती मोजक्याच प्रयोगशाळांत होते. जिल्हा रुग्णालयातून असा नमुना बाहेर पाठवण्याची सोय करणे ही काही फार खर्चाची गोष्ट नाही. कुणी तरी ती ठरवून करायला हवी, एवढेच. पुढे बारीक छेदांचा सीटी स्कॅन आणि एमआरआय भोक नेमके कुठे आहे ते दाखवतात.

ते बुजवण्यासाठी कवटी उघडण्याची पद्धत अमेरिकेच्या वॉल्टर डँडी यांनी १९२६मध्ये दाखवून दिली. तिने जीव वाचले, पण मेंदूचा पुढचा भाग बाजूला सारावा लागे आणि अनेकांचा वास कायमचा जाई. जर्मनीचे विगंड यांनी १९८१मध्ये नाकातूनच दुर्बिणीने दुरुस्ती केल्याचे नोंदवले आणि चित्र पालटले. आता चेहऱ्यावर टाकासुद्धा पडत नाही. भोकाभोवतीचे अस्तर खरवडून काढतात. मग मांडीवरचे स्नायूचे पातळ आवरण, पोटाची थोडी चरबी किंवा नाकाच्या पडद्याची कूर्चा घेऊन थरावर थर बसवतात. भोक मोठे असेल तर पडद्याचे अस्तर रक्तवाहिनीसकट उचलून वर फिरवतात. अर्जेंटिनाच्या हदाद आणि बासागास्तेगी यांनी २००६मध्ये प्रसिद्ध केलेल्या या युक्तीने मोठ्या भोकांची धास्ती बरीच कमी केली. पहिल्याच प्रयत्नात साधारण दहापैकी नऊ जणांची गळती थांबते.

उरलेल्या एकाचे काय, हा प्रश्न कमी विचारला जातो. कारण भोक बुजते, दाब तसाच राहतो. दाब वाढलेल्या रुग्णाला वजन कमी करणे, गोळ्या आणि गरज पडल्यास पाण्याला वाट काढून देणारी नळी (शंट) यातले काय द्यायचे हे ठरवल्याशिवाय घरी पाठवले, तर काही महिन्यांनी दुसऱ्या ठिकाणी भोक पडू शकते. म्हणून कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि न्यूरोसर्जन यांनी एकत्र बसून रुग्ण पाहणे गरजेचे. प्रत्यक्षात रुग्ण एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत चिठ्ठी घेऊन फिरत राहतो. डोळ्यांच्या विभागात पडद्यामागची सूज पाहण्याची तिसरी चिठ्ठी तर बहुधा लिहिलीच जात नाही.

खर्चाच्या भीतीने शस्त्रक्रिया पुढे ढकलणाऱ्यांनी आधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठून योजनेत काय बसते ते विचारावे. तोवर प्रतिजैविकांच्या गोळ्या आपल्या मनाने घेत राहू नये. त्यांनी भोक बुजत नाही आणि संसर्ग टळतो असा भरवशाचा पुरावाही नाही. न्यूमोकोकसची लस मात्र डॉक्टरांना विचारून घ्यावी. शस्त्रक्रियेनंतरचे काही आठवडे पथ्याचे : उशी उंच, नाक शिंकरायचे नाही, शिंक आली तर तोंड उघडून, पाण्याची घागर उचलायची नाही आणि शौचाला कुंथायचे नाही. शेवटचे पथ्य सांगायला रुग्णही लाजतात आणि डॉक्टरही, पण बसवलेला थर सुटायला एक जोराचे कुंथणे पुरेसे असते. म्हणून घरी जाताना पोट साफ होण्याचे औषध त्याच चिठ्ठीवर लिहिलेले आहे ना, हे पाहून घ्यावे.