एक रुपया लागणार नाही

"साहेब, टेन्शन घेऊ नका. इन्शुरन्स आहे ना तुमचा? तुम्हाला एक रुपया लागणार नाही."

हे वाक्य आपल्यापैकी बऱ्याच जणांनी कधी ना कधी ऐकलं असेल. मी ऐकलं ते गेल्या उन्हाळ्यात, आणि तेही गाडी घेतल्यापासून सहा वर्षं ज्याच्याकडे जातोय त्या गॅरेजवाल्याकडून. सर्व्हिसिंगला दिलेली गाडी त्याच्या पोऱ्याने ब्रेकची ट्रायल घ्यायला बाहेर काढली आणि गल्लीच्या तोंडाशी विजेच्या खांबावर नेऊन घातली. बंपर, डावा हेडलाइट, फेंडर आणि बॉनेटचा कोपरा गेला. पोऱ्याला काही लागलं नाही हे नशीब. एकोणीस-वीस वर्षांचा असेल. मी गेलो तेव्हा टायरच्या ढिगावर खाली मान घालून बसला होता.

मालकाने चहा मागवला. (चहा मागवला की समजावं, पुढचं बोलणं महाग पडणार आहे.) म्हणाला, "फक्त फॉर्मवर लिहा की गाडी तुम्हीच चालवत होता." म्हणजे पोऱ्याकडे लायसन्सच नव्हतं. आपल्या परवानगीने दुसऱ्याने गाडी चालवली तरी पॉलिसी चालते, पण त्याच्याकडे लायसन्स असेल तर.

खरं सांगतो, मी पाच मिनिटं विचार केला. सहा वर्षांची ओळख, समोर तो पोरगा, आणि घरी जाऊन हिला काय सांगायचं ही काळजी. एका सहीचा तर प्रश्न होता. पण सही करून मी कंपनीला लेखी खोटं सांगणार होतो. ते उघड झालं तर क्लेम तर जातोच, शिवाय खोटारडा ठरणार मी, गॅरेजवाला नाही.

बरं, नीतिमत्ता बाजूला ठेवली तरी हिशोब काय होता? रात्री कागद-पेन घेऊन बसलो. एस्टिमेट 26,500 रुपयांचं. आमच्याकडे झीरो-डेप नाही, त्यामुळे प्लास्टिकच्या पार्टची निम्मी किंमत कापली जाते. गाडी पाच वर्षांवरची असल्याने पत्र्याच्या पार्टवर 40 टक्के घसारा, आणि वर हजार रुपये आपल्या खिशातून सक्तीचे. हातात येणार होते साधारण पंधरा हजार. दुसरीकडे, पाच वर्षं क्लेम न केल्यामुळे मिळालेला 50 टक्के नो क्लेम बोनस एका फटक्यात शून्यावर येणार, आणि तो परत 20, 25, 35, 45 अशा पायऱ्यांनीच चढायचा. आमच्या प्रीमियमवर ते नुकसान पाच वर्षांत बारा हजारांच्या आसपास जातं. म्हणजे पदरात तीन हजार. एक रुपया लागणार नाही म्हणे!

मला राग येतो तो इथे. गाडी गॅरेजच्या ताब्यात असताना तिची काळजी घेणं ही गॅरेजचीच जबाबदारी असते. 1872 च्या करार कायद्याच्या 151 व्या कलमात तसं सरळ लिहिलंय: स्वतःच्या वस्तूची शहाणा माणूस जेवढी काळजी घेईल तेवढी. जॉबकार्डाच्या तळाशी बारीक अक्षरात 'गाडी मालकाच्या जबाबदारीवर' असं छापलेलं असतं, ते वाचून आपण गप्प बसतो. पण दिल्लीतल्या एका हॉटेलच्या पार्किंगमधून 1998 मध्ये एका पाहुण्याची गाडी चोरीला गेली होती, त्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने 2019 मध्ये सांगितलं की अशा छापील वाक्यामागे लपून हॉटेलला आपला निष्काळजीपणा झटकता येणार नाही. तिथे विमा कंपनीने मालकाला पैसे दिले आणि मग ती हॉटेलकडे वसुलीला गेली. योग्य रस्ता हाच. क्लेम करायचाच असेल तर खरं काय झालं ते लिहून करावा, म्हणजे वसुली कोणाकडून करायची ते कंपनीला कळतं. खोट्या फॉर्मने ते दारच बंद होतं.

शिवाय गॅरेजवाल्यांसाठी वेगळी मोटर ट्रेड पॉलिसी मिळते. आमच्या मालकाला विचारलं तर तो हसला. "एवढ्याशा गॅरेजला कशाला साहेब?"

दुसऱ्या दिवशी घडलेली हकीकत, तारीख-वेळेसकट, एका कागदावर लिहून नेली, फोटो जोडले, आणि पोच म्हणून त्याची सही मागितली. नाही म्हणालास तर ग्राहक आयोगात जाईन, हेही सांगितलं. नव्या कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, दोन वर्षांची मुदत असते आणि एवढ्या रकमेला फी नाही. आवाज चढवावा लागला नाही. तासाभराने ठरलं: पार्टचे पैसे त्याचे, मजुरी त्याची, रंगाचा निम्मा खर्च मी द्यायचा. रंगाचं मी का मान्य केलं ते मलाही नीट सांगता येणार नाही. ही अजून त्यावरून बोलते. निघताना एवढं मात्र म्हणालो की पोराच्या पगारातून कापू नका. "छे छे, घरचाच आहे तो," मालक म्हणाला.

गाडी छान झाली. आता नवीन गॅरेजमध्ये गेलो की मी किल्ली देण्याआधी दोन गोष्टी विचारतो: ट्रायल कोण घेणार, त्याचं लायसन्स दाखवा, आणि तुमची स्वतःची पॉलिसी आहे का? लोक विचित्र नजरेने बघतात. बघू देत.

दिवाळीच्या आधी हवा भरायला जुन्या गॅरेजवर थांबलो होतो. टायरच्या ढिगावर दुसराच मुलगा बसला होता. पहिला कुठे विचारलं, तर मालक म्हणाला, "गावाला गेला." मी पुढे विचारलं नाही.