सारख्या शब्दांचा सोयीचा न्याय

मुलुंड-घाटकोपरच्या कितीतरी इमारतींत मराठी आणि तमिळ घरे भिंतीला भिंत लागून आहेत. या घरात ‘पाल’ म्हटले की माणसे छताकडे बघतात, त्या घरात ‘पाल्’ म्हटले की दुधाचे पातेले पुढे येते. मराठीत ‘नाळ’ बाळाची असते. तमिळमध्ये ‘नाळ्’ म्हणजे दिवस. मराठी माणसाचा ‘ऊर’ भरून येतो. तमिळ माणसाचे ‘ऊर्’ म्हणजे त्याचे गाव. यात चमत्कार काहीच नाही. बहुतेक भाषांचा संसार मूठभर ध्वनींवर चालतो, शब्द मात्र हजारोंनी लागतात आणि रोजच्या वापरातले शब्द तर एक-दोन अक्षरांचेच असतात. अशा स्थितीत दोन भाषांचे शब्द एकमेकांवर आदळले नसते, तरच आश्चर्य वाटायला हवे होते. क्वचित अर्थही जुळतो. ‘बदनाम’मधला फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ यांचा एकमेकांशी संबंध नाही. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमधील म्बाबाराम या आदिवासी भाषेत कुत्र्याला ‘डॉग’च म्हणत. भाषाशास्त्रज्ञ आर. एम. डब्ल्यू. डिक्सन यांनी ही नोंद केली तेव्हा तो इंग्रजीतून उचललेला शब्द वाटणे साहजिक होते. प्रत्यक्षात तो आसपासच्या भाषांतल्या ‘गुदागा’सारख्या रूपाचा झिजून उरलेला अवशेष निघाला.

‘मग मराठी आणि तमिळ-कानडीचे नातेही थोतांडच का?’ असा प्रश्न इथे येणारच, आणि तो रास्त आहे. विश्वनाथ खैरे यांनी मराठी-तमिळ संबंधांचा आयुष्यभर पाठपुरावा केला; अण्णा आणि अक्का आपल्याकडे दक्षिणेतून आले, यावर फारसा वाद नाही. खरी गंमत पुन्हा पालीचीच आहे. तमिळमध्ये पालीला ‘पल्ली’ म्हणतात. संस्कृतातही ‘पल्ली’ आहे, आणि तो शब्द संस्कृताने द्राविडी भाषांकडून घेतला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. ‘पल्ली’ची मराठीत ‘पाल’ होणे नियमाला धरून आहे: हस्त, हत्थ, हात, कर्म, कम्म, काम, सप्त, सत्त, सात. जोडाक्षर सुटते आणि आधीचा स्वर दीर्घ होतो. म्हणजे जो तमिळ शब्द हुबेहूब आपल्यासारखा ऐकू येतो तो परका, आणि जो जरा वेगळा वाटतो तो नात्यातला. नाते ठरते ते बदलाच्या नियमावरून, आणि तो नियम एका शब्दापुरता असून चालत नाही; त्याच साच्यातले आणखी दहा शब्द दाखवावे लागतात.

हीच कसोटी उपनगरांच्या नावांना लावून पाहावी. बोरिवलीतल्या ‘बोर’ला वरवर पाहता संस्कृत ‘बदर’शी जोडणे ओढूनताणून वाटते. पण बाराव्या शतकातल्या हेमचंद्राने प्राकृत व्याकरणाच्या एकाच सूत्रात बदराचे ‘बोर’ आणि पूगफलाचे ‘पोप्फल’, म्हणजे आपले पोफळ, होते असे नोंदवले आहे. व्याख्यान ‘बोर’ झाले असे आपण म्हणतो तो बोर इंग्रजी. त्याचा या झाडाशी काही संबंध नाही. वांद्र्यापुढच्या खारचेही तसेच. खाऱ्या जमिनीचा ‘खार’ क्षारातून आला, ‘खार खाणे’मधला खार फारसीत काटा आहे, आणि झाडावर पळणारी खार आणखी निराळी. एकाच भाषेच्या पोटात तीन-तीन परके सारखा चेहरा घेऊन नांदत असतील, तर दोन भाषांमधल्या साम्यावर किती विसंबायचे?

घाटकोपरच्या बाबतीत तर ‘घाट के ऊपर’ ही व्युत्पत्ती इतकी पसरली आहे की ती खरी नसेल अशी शंकाही अनेकांना येत नाही. तिला एकच प्रश्न विचारावा. ठाण्याची कोपरी, डोंबिवलीजवळचे कोपर, नवी मुंबईतले कोपरखैरणे ही गावे कशाच्या ‘ऊपर’ आहेत? खाडी आणि डोंगर यांच्या बेचक्यातल्या या पट्ट्यात कोपर, कोपरा हा शब्द गावांच्या नावांत पुन्हा पुन्हा येतो. एका नावासाठी हिंदीचा शब्दयोगी मागवण्याची गरज नाही. अशा गोष्टींनी कुणाचे काय बिघडते, असे काही जण म्हणतील. गोष्ट म्हणून सांगितली तर काहीच बिघडत नाही; लोकांनी नावाला आपल्या भाषेत ओढून घेणे हाही शहराच्या इतिहासाचा भाग आहे. बिघडते ते तिच्या आधारावर ‘हे गाव मुळात कुणाचे’ असा दावा सुरू झाला की. आणि मुंबईत तो फार लवकर सुरू होतो.

याचे सर्वांत मोठे उदाहरण शहराच्या नावाचेच. ‘बॉम बाहिया’ म्हणजे चांगला उपसागर, त्यावरून बॉम्बे, ही कथा कित्येक पिढ्यांनी शाळेत ऐकली. ती पोर्तुगीज व्याकरणातच कोसळते. ‘बाहिया’ स्त्रीलिंगी आहे, तेव्हा ‘बोआ बाहिया’ म्हणायला हवे होते. शिवाय जुन्या पोर्तुगीज लेखनात ‘मोंबाईम’सारखी ‘म’ने सुरू होणारी रूपेही सापडतात, जी मुंबादेवीकडे बोट दाखवतात. 1995 मध्ये शहराचे अधिकृत नाव मुंबई झाले तेव्हा हे पुरावे आपण मोठ्या हिरिरीने मांडले, आणि ते योग्यच होते.

मात्र हीच शिस्त आपल्याला सुखावणाऱ्या व्युत्पत्तींना लावायची वेळ आली की आपण ढिले पडतो. पु. ना. ओक यांनी ‘व्हॅटिकन’ म्हणजे ‘वाटिका’, ‘ख्रिश्चॅनिटी’ म्हणजे ‘कृष्णनीती’ अशी समीकरणे मांडली. ताजमहालाचे त्यांनी ‘तेजोमहालय’ केले. त्यावरची त्यांची याचिका सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये फेटाळली, तरी त्या याद्या अजून मराठी घरांतल्या मोबाइलवर फिरत असतात. ‘ताज’ म्हणजे मुकुट, हे फारसीचा कोणताही कोश सांगेल. ‘महाल’ अरबीतून आला. व्हॅटिकन हे रोममधल्या एका टेकडीचे लॅटिन नाव, आणि ते ख्रिस्ती धर्म तिथे पोहोचण्याच्या आधीपासून वापरात होते. ‘पाश्चात्त्य विद्वान पक्षपाती होते, म्हणून आपली बाजू आपण मांडायची’ हा यावरचा नेहमीचा बचाव. काहींचा पक्षपात खराच होता. पण हेमचंद्र काही पाश्चात्त्य नव्हता, आणि त्याच्या सूत्रात ‘व्हॅटिकन’ बसवून दाखवण्याचे काम अजून कुणी केलेले नाही.