एलटीओ बंद करणारी ती एक ओळ

घरची मंडळी हा ब्लॉग वाचतात आणि लिनक्सचा विषय निघाला की गुपचूप सटकतात. आज जरा थांबा. लग्नघरापासूनच सुरुवात करतो.

काका, मामा, आत्या आपापली यादी घेऊन बाजारात जातात. एकाच्या यादीतलं दुसऱ्याला ठाऊक नसतं. मांडवात सामान लावणारा फक्त नावं जुळवतो: यादीत नारळ, पिशवीत नारळ, झालं. सी भाषेतला प्रोग्रॅम असाच बनतो. कंपायलर एकेक फाइल सुटी वाचतो आणि शेवटी लिंकर नावं जुळवून सगळं जोडतो. लिंक-टाइम ऑप्टिमायझेशन, म्हणजे एलटीओ, बाजारात जायच्या आधी सगळ्या याद्या एकत्र वाचतं. नको असलेलं गाळतं, एका फाइलमधलं छोटं फंक्शन दुसरीत थेट बसवतं.

जीसीसीत हे २०१० पासून आहे, ४.५ आवृत्तीपासून. पण अख्खं डिस्ट्रो असं बांधायची हिंमत व्हायला बरीच वर्षं गेली. ओपनसुसे टंबलवीडने २०१९ मध्ये केलं, फेडोराने २०२० मध्ये (३३वी आवृत्ती), उबुंटूने २०२१ च्या एप्रिलमध्ये. चर्चा कसली झाली? वेग किती वाढला आणि फायली किती लहान झाल्या याची. माझ्या मते डिस्ट्रोसाठी ही दुय्यम बाब आहे. बहुतेक पॅकेजेसमध्ये वापरणाऱ्याला फरक जाणवतही नाही, आणि बांधणाऱ्या यंत्राला वेळ आणि मेमरी मात्र जास्त लागते.

खरी कमाई वेगळीच आहे. समजा मामांच्या यादीत 'नारळ २' म्हणजे दोन डझन आणि काकांच्या यादीत तेच म्हणजे दोन नग. लिंकरला त्याचं काही नाही, नाव जुळलं की बास. एका फाइलमध्ये फंक्शन 'लाँग' परत करतं आणि दुसरी त्याला 'इंट' समजून वापरते, अशी गफलत वर्षानुवर्षं लपून राहते. एका प्रोसेसरवर नशिबाने चालते, दुसऱ्यावर कोलमडते. एलटीओमध्ये सगळं एकत्र दिसत असल्यामुळे जीसीसी तिथे इशारा देतो. जेंटूवाले तर एलटीओ वापरणाऱ्यांना हे इशारे थेट चूक मानून बांधणी थांबवायचा सल्ला देतात. मला हा खाष्टपणा आवडतो!

आणि इथेच माझी तक्रार. पॅकेज एलटीओने मोडलं, की स्पेक फाइलमध्ये एक ओळ टाकायची, एलटीओ बंद करायचं आणि पुढे जायचं. उबुंटूकडे अशा पॅकेजेसची वेगळी यादीच आहे. पॅकेज सांभाळणाऱ्याची अडचण मला समजते. रिलीज तोंडावर असतं, शेकडो पॅकेजेस रांगेत असतात, काम फुकटचं असतं. पण बऱ्याचदा मोडलेलं असतं ते मुळातलं कोड, एलटीओ फक्त ते दाखवून देतं. ओळ टाकली की बांधणी हिरवी होते आणि मूळ लेखकाला काही कळतच नाही. पॅकेज पुढे दुसऱ्याच्या हाती गेलं की ती ओळ कशासाठी होती हे सांगायलाही कोणी उरत नाही. म्हणून माझं मागणं साधं आहे: एलटीओ सर्वांना लागू असावं, बंद करायचं तर त्या ओळीच्या वर कारण आणि मूळ प्रकल्पाकडे नोंदवलेल्या बगचा दुवा हवा. "एलटीओने मोडतं" हे कारण नव्हे, बरं का!

खरी कारणंही असतात, नाही असं नाही. एकाच फंक्शनच्या जुन्या-नव्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या लायब्रऱ्या ते काम असेंब्लीत लिहिलेल्या ओळींनी करत. त्या ओळींत काय आहे हे जीसीसीला दिसत नाही, त्यामुळे एलटीओत गोंधळ होई. पण त्यासाठी २०२० मध्ये जीसीसी १० ने स्वतंत्र सोय दिली. म्हणजे त्या कारणाने टाकलेल्या ओळीही आता काढून बघायला हव्यात. ज्यांच्याकडे अशी लायब्ररी असेल त्यांनी एकदा बांधून पाहा आणि काय होतं ते खाली कळवा. काकांनी कळवलं नाही तरी चालेल.