पाचशे इडियम्स पाठ करू नका, काउंटरवरची वीस वाक्यं बसवा



"आमच्या दुकानातल्या पोरांना इंग्लिश बोलता येत नाही, एखादा कोर्स सांगा ना." ट्रेनिंगमध्ये हा प्रश्न दर बॅचला येतोच. आणि त्याच्या मागोमाग दुसरं वाक्यही ठरलेलं असतं: "पुस्तक आणून दिलंय, पाचशे इडियम्सचं. पाठ करतायत."

माझं मत सरळ सांगतो. ते पुस्तक कपाटात ठेवून द्या. धंद्यासाठी इंग्लिश शिकायचं असेल तर इडियम्सपासून सुरुवात करणं म्हणजे पाया न खोदता गच्चीवर टाकी बसवणं. आपल्याला लागतात वीस वाक्यं, आणि ती आपल्याच काउंटरवरून गोळा करायची आहेत.

इडियम्स ऐकून कळले तरी पुरे

शाळेत आपण सगळ्यांनी "इट्स रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज" पाठ केलं. हे वाक्य चुकीचं नाहीये, पण आज रोजच्या बोलण्यात इंग्रज माणूसही ते फारसं वापरत नाही. तो साधं "इट्स पोअरिंग" म्हणतो. "ब्रेक अ लेग" म्हणजे ऑल द बेस्ट, हे खरं. पण ते स्टेजवर जाणाऱ्या नटाला म्हणतात. माझं दुकान हार्डवेअर आणि इलेक्ट्रिकलचं आहे. शिडी विकत घेणाऱ्या गिऱ्हाइकाला आमचा पोरगा "ब्रेक अ लेग, सर" म्हणाला, तर ती शिडी परत यायची.

काही इडियम्स मात्र समजायला पाहिजेत, कारण समोरचा ते वापरतो. कंपनीचा परचेसवाला विचारतो, "गिव्ह मी अ बॉलपार्क फिगर." त्याला पक्कं कोटेशन नकोय, अंदाजे आकडा हवाय. कोणी म्हणालं, "कॅन आय टेक अ रेन चेक?" तर तो पावसाबद्दल बोलत नाहीये, "आत्ता नको, पुन्हा कधीतरी" असं सांगतोय. हे दोन्ही शब्द अमेरिकेतल्या बेसबॉलच्या मैदानावरून आलेत. पावसाने मॅच थांबली की प्रेक्षकाला पुढच्या मॅचसाठी जी चिठ्ठी मिळायची, तो रेन चेक. आणि "लेट मी गेट बॅक टू यू" म्हणजे बऱ्याचदा आपलं "बघू, सांगतो". तिथं माल बांधायला घ्यायचा नाही.

माझा नियम एवढाच: इडियम कानाला कळला पाहिजे, तोंडातून काढायची सक्ती नाही.

खरी अडचण व्याकरणाची नाही, नम्रतेची आहे

हा मुद्दा नीट वाचा.

मराठीत आपण रोज "कृपया" म्हणतो का? नाही. "कृपया" पाटीवर असतं. आपली नम्रता "द्या", "या", "बसा" या रूपांत असते, "जरा" आणि "ना" मध्ये असते. "जरा बिल द्या ना" यात सगळा मान आला. आता हेच वाक्य आपण मनातल्या मनात इंग्लिशमध्ये नेतो आणि तोंडातून येतं, "गिव्ह बिल". इंग्लिशमध्ये "दे" आणि "द्या" दोन्ही "गिव्ह"च. म्हणजे "जरा" गेलं, "ना" गेलं आणि "द्या"मधला मानही गेला. ऐकणाऱ्याला वाटतं, हा माणूस हुकूम सोडतोय. आपल्या मनात तसं काहीच नसतं.

इंग्लिशची नम्रता दुसऱ्या जागी असते, "कुड यू", "वुड यू", "मे आय" मध्ये. "कुड यू प्लीज सेंड मी द बिल?" हे प्रश्नासारखं दिसतं, पण ती विनंती आहे.

तसंच "आय एम अफ्रेड". यात भीतीचा काही संबंध नाही. नकार देताना आपण "अहो, सॉरी हं" म्हणतो ना, तेच ते. "आय एम अफ्रेड वी डोन्ट हॅव इट." हे एक वाक्य जमलं तरी तुमच्या इंग्लिशचा सूर बदलतो.

आता प्रसंग घेऊ

*फोन आला.* आपण "बोला" म्हणतो. त्याचं "स्पीक" करू नका, तो दम दिल्यासारखा वाटतो. "गुड मॉर्निंग, हाऊ कॅन आय हेल्प यू?" म्हणा. "कोण बोलतंय?" याचं "हू आर यू?" होत नाही. "मे आय नो हू इज कॉलिंग?" म्हणा. ऐकू आलं नाही तर "व्हॉट?" नको, "सॉरी, कुड यू से दॅट अगेन?" आणि शेठला बोलवायचं असेल तर "प्लीज होल्ड ऑन, आय विल कॉल हिम."

*माल संपलाय.* "नॉट देअर" म्हणून गप्प बसू नका. गिऱ्हाईक तिथंच सुटतं. "आय एम अफ्रेड इट्स आऊट ऑफ स्टॉक. आय कॅन गेट इट बाय थर्सडे." पहिलं वाक्य नकाराचं, दुसरं धंद्याचं. दुसऱ्याशिवाय पहिलं बोलायचंच नाही.

*भाव कमी करा म्हणतात.* "नो, नो, फिक्स रेट" याऐवजी "दिस इज द बेस्ट प्राइस आय कॅन ऑफर." जास्त नग घेणार असेल तर, "इफ यू टेक टेन, आय कॅन डू अ लिटल बेटर."

*उधारी मागायची.* आपल्याला मराठीतही अवघड जाणारा विषय. "व्हेन यू विल गिव्ह मनी?" यानं पैसेही येत नाहीत आणि संबंधही बिघडतात. "जस्ट अ जेंटल रिमाइंडर अबाऊट द पेंडिंग पेमेंट. कुड यू प्लीज क्लिअर इट बाय फ्रायडे?" वार सांगितलाच पाहिजे. वार न सांगितलेली मागणी समोरचा विसरायला मोकळा असतो.

*तक्रार आली.* आधी चूक कोणाची हे ठरवायला जाऊ नका. "आय एम सॉरी अबाऊट दॅट. लेट मी चेक." आणि चेक करून परत फोन करा, नाहीतर वाक्याला किंमत राहत नाही.

*आकडे आणि तारखा.* सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं. फिफ्टीन आणि फिफ्टी फोनवर सारखेच ऐकू येतात. म्हणून "फिफ्टीन, वन-फाइव्ह" असं फोडून सांगा. परदेशी माणसाला लाख कळत नाही. 10 लाख म्हणजे त्याचं 1 मिलियन. 3/4 ही तारीख आपल्याला 3 एप्रिल आणि अमेरिकन माणसाला 4 मार्च दिसते, म्हणून महिन्याचं नाव लिहा. ब्रिटिश माणूस "हाफ फोर" म्हणाला तर ते साडेतीन नव्हे, साडेचार.

"पण ग्रामर कच्चं राहील ना?"

राहील थोडं. मेल लिहायचे असतील, टेंडर भरायचं असेल तर ग्रामर शिकावंच लागेल, त्याला शॉर्टकट नाही. पण काउंटरवर पोरगा काळ आणि कर्ता जुळवत बसला तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात पोचलेलं असतं. लहान मूलही आधी वाक्य बोलतं, व्याकरण नंतर शिकतं.

दुसरी गोष्ट. आपल्या भारतीय इंग्लिशला हसणारे बरेच भेटतात. "डू द नीडफुल" म्हणालात की नाक मुरडतात. अहो, ते एकेकाळी इंग्रजांच्याच वापरातलं होतं, तिकडे जुनं झालं, आपल्याकडे टिकलं. "प्रीपोन" तर ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत आहे. चेन्नईच्या किंवा दिल्लीच्या माणसाशी बोलताना हे बिनधास्त वापरा. फक्त परदेशी माणसासमोर थोडं जपा. "ही इज आऊट ऑफ स्टेशन" त्याला कळेलच असं नाही, "ही इज आऊट ऑफ टाऊन" म्हणा. "आय पास्ड आऊट इन 2019" ऐकून त्याला वाटेल तुम्ही बेशुद्ध पडला होतात.

हे एवढं का सांगतोय

माझ्या दुकानात एक बारावी झालेला पोरगा आहे. लायटिंगला दीड स्क्वेअर एमएम, प्लगला अडीच, गीझरला चार, वायर हातात घेऊन सांगतो. कोणता एमसीबी का ट्रिप होतोय ते फोनवर ऐकून ओळखतो. पण समोरून इंग्लिश ऐकू आलं की रिसिव्हर दुसऱ्याच्या हातात. त्याच्यापेक्षा निम्मं कळणारा माणूस मग साइट इंजिनिअरशी बोलायचा, आणि ऑर्डर त्याच्या नावावर लागायची. माल कळणारा मागे आणि वाक्य येणारा पुढे, हे मला पटत नव्हतं. वीस वाक्यं देवनागरीत कार्डावर लिहून गल्ल्याजवळ चिकटवली. रोज सकाळी शटर उघडल्यावर दहा मिनिटं, एक जण गिऱ्हाईक, एक जण दुकानदार. आठवड्याला पाच वाक्यं. आज कंपन्यांची कोटेशन्स तोच देतो. त्याचं इंग्लिश फर्स्ट क्लास झालं का? नाही. पण तो फोन उचलतो.

आणि एक गैरसमज नको. मराठी गिऱ्हाइकाशी मराठीतच बोलायचं. आजी दोन बल्ब घ्यायला आली आणि तुम्ही "हाऊ कॅन आय हेल्प यू" सुरू केलंत, तर ती पुढच्या वेळी येणार नाही. इंग्लिश हा दुकानातला एक पाना आहे. ज्या नटाला बसतो तिथंच लावायचा.

तुमचा होमवर्क

या आठवड्यात काउंटरवर तुम्ही मराठीत किंवा हिंदीत जी वाक्यं रोज बोलता, त्यातली वीस लिहून काढा. मेडिकलवाल्याची वेगळी असतील, साडीवाल्याची वेगळी, गॅरेजवाल्याची वेगळी. वरची काही उचला, बाकीची तुमच्या धंद्यातून येऊ द्या. अडलेली वाक्यं खाली लिहा, पुढच्या व्हिडिओत तीच घेऊ. आणि दुकानातल्या पोरांना हा लेख नुसता फॉरवर्ड करू नका, सोबत बसून वाचा.

भेटू पुढच्या आठवड्यात.