मालाच्या नोंदीत माणसाचीही दखल हवी

काचीगुड्याचे रेल्वे स्थानक 1916 साली उभे राहिले. नांदेड-मनमाडच्या मार्गाने मराठवाड्याशी चाललेला आपला व्यवहार त्या काळी बिल्टी, हुंडी आणि दिलेला शब्द यांवर चाले. आज बिल्टीच्या जोडीला ई-वे बिल आले आहे. आंतरराज्य वाहतुकीस ते 1 एप्रिल 2018 पासून लागू झाले. फेब्रुवारी 2021 पासून पथकर नाक्यांवर फास्टॅग अनिवार्य झाला. आणि सप्टेंबर 2022 मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरण जाहीर केले. या सुधारणांचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो.

परंतु एका उणिवेकडे व्यापारी बंधूंचे लक्ष वेधणे आम्हांस अगत्याचे वाटते. ई-वे बिलात मालाची किंमत व गाडीचा क्रमांक नोंदविला जातो. गाडी हाकणाऱ्याचे आणि पोती वाहणाऱ्याचे नाव त्यात कोठेही नाही. सामान्य वाहनास दर 200 किलोमीटरला एक दिवस अशी त्याची मुदत 2021 च्या आरंभापासून आहे. ती अंतरावरून ठरते. चालकाच्या झोपेवरून नव्हे. मुदतवाढीची सोय आहे, हे खरे. तथापि उशिरा भरलेल्या मालाची भरपाई अनेकदा चालकाच्या जागरणातूनच होते. मोटार परिवहन कामगारांसाठी दिवसाला आठ तासांची मर्यादा 1961 च्या कायद्यानेच घातली होती, याचे विस्मरण होऊ नये.

नोंदवही माणसाच्या हिताची करता येते, याचा दाखला शेजारच्या महाराष्ट्रात आहे. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून 1969 साली माथाडी कायदा झाला. कामगार, मालक व शासन यांच्या प्रतिनिधींचे मंडळ हमालाची नोंदणी करते. मालक मजुरी व लेव्ही मंडळाकडे भरतो, आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधीसारखे लाभ हमालास मिळतात. संगणक येण्यापूर्वी कागदावर जे साधले, ते आज साधू नये काय?

खर्च वाढेल, असा आक्षेप कोणी घेईल. आमच्या मते मालाची नासधूस, खोळंबा आणि परतीची रिकामी खेप यांचा खर्च आपण आजही सोसतोच. केवळ तो वहीत वेगळा दिसत नाही.

म्हणून संघापुढे आम्ही तीन सूचना ठेवतो. माल बांधून तयार झाल्यावाचून गाडी दारात बोलावू नये. बेगम बाजार व उस्मानगंजच्या व्यापाऱ्यांशी मिळून एकाच गावचा माल एका गाडीत भरावा व परतीचा माल आधी ठरवावा. त्याने डिझेल वाचेल आणि हवाही कमी दूषित होईल. तिसरी सूचना सर्वांत महत्त्वाची. असंघटित कामगारांसाठी ऑगस्ट 2021 मध्ये ई-श्रम नोंदणी सुरू झाली. आपल्या पेढीवर राबणाऱ्या प्रत्येक पात्र हमालाची नोंदणी मुनीमजींनी स्वतः बसून करून द्यावी. तिला शुल्क नाही. लागतो तो थोडा वेळ.

यंत्राने हिशेब चोख होतो. पण कोणाचा हिशेब ठेवायचा, हे व्यापाऱ्यानेच ठरवावयाचे असते. येत्या वर्षात पोत्याबरोबर पाठीचीही नोंद व्हावी, अशी आमची सर्व बंधूंना आग्रहाची विनंती आहे.