वहीची पूजा करावी कीं वही लिहावी?

आमच्या दुकानदार व कारागीर बांधवांस आज चार कडू शब्द सांगावयाचे आहेत. गोड बोलून आपलें पोट भरणारे त्यांच्या भोंवतीं पुष्कळ आहेत. त्यांत मास्तराची भर नको.

दिवाळींत लक्ष्मीपूजनाच्या रात्रीं नवी वही पाटावर येते. तिला हळदकुंकू, फूल, बत्तासे. पहिल्या पानावर 'शुभ-लाभ'. पाडवा सरला कीं तीच वही गल्ल्याखालीं धूळ खात पडते. किराणावाला असो, गिरणीवाला असो, शिंपी असो कीं सुतार, ज्याला विचारावें तो म्हणतो, "मास्तर, हिशेब सगळा डोक्यांत आहे." अहो, डोक्यांतला हिशेब नोटिशीला उत्तर देईल काय? बँकेचा साहेब कर्ज देतांना तुमचें डोकें तपासील काय? कोऱ्या वहीची पूजा करणें हा निव्वळ भोळेपणा आहे. लक्ष्मीला कुंकू नको, जमाखर्च पाहिजे.

कागद ज्याच्या हातीं, माणूस त्याच्या हातीं, हें आपल्या वाडवडिलांनीं भोगलें आहे. 1875 सालीं पुणें जिल्ह्यांत सुपें येथें दंगा पेटला व तो गांवोगांव पसरला, तेव्हां कुणब्यांचा रोख सावकाराच्या रोख्यांवर व वह्यांवर होता. पुढें 1879 च्या कायद्यानें शेतकऱ्यास पावती व हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क मिळाला. पण ज्याला वाचतां येत नाहीं त्याला उतारा आणि कोरा कागद सारखाच! जोतीरावांनीं 'शेतकऱ्याचा असूड' ओढला तो याच दुखण्यावर. छत्रपति शाहू महाराजांनीं 1918 सालीं करवीर राज्यांत कुलकर्णी वतनें मोडून पगारी तलाठी नेमले, तें गांवचें दप्तर एका घराच्या मिरासींतून सोडविण्यासाठींच. आणि आज? आज आपण होऊन आपलें दप्तर पिशवींत भरून तालुक्याच्या 'टॅक्सवाल्या'च्या टेबलावर नेऊन ओततों! या नव्या कुलकर्ण्याला जातीचें बंधन नाहीं. तो आपल्याच भाऊबंदांतलाही असतो. मिरासी मात्र तीच.

आमच्या पंचक्रोशींतील एका लोखंडी सामानाच्या दुकानदाराची गोष्ट ऐका. नोंदणींतला मोबाईल नंबर सल्लागाराचा, ईमेल त्याचा, पासवर्डही त्याच्यापाशीं. दुकानदार दरमहा कराची रक्कम रोख नेऊन देई. पावती नाहीं, चलन पाहिलें नाहीं. सहा महिन्यांहून अधिक काळ विवरणपत्रच भरलें गेलें नव्हतें. नोंदणी रद्द झाली, आणि ही वार्ता धन्याला घाऊक व्यापाऱ्याकडून कळली! थकलेल्या करावर वर्षाला शेकडा 18 व्याज, उशिराचा दंड निराळा. कर दोनदां भरला, अब्रू गेली ती वेगळीच. ज्यानें पैसे घेतले तो म्हणाला, "माझ्या सहीचा कागद दाखवा." कागद कोठून आणणार?

आणखी पाहा. 2025 च्या जुलैंत कर्नाटकांत यूपीआयनें आलेल्या रकमांवरून छोट्या व्यापाऱ्यांस जीएसटीच्या नोटिशी गेल्या. त्यांत भाजी-दूध विकणारेही होते. ताजी भाजी करमुक्त आहे, आणि केवळ करमुक्त माल विकणाऱ्यास नोंदणीच लागत नाहीं. पण खात्यांत आलेले पैसे भाजीचे कीं पाहुण्यानें फेडलेल्या हातउसन्याचे, हें सांगणारी वही नसेल तर बिचाऱ्यानें काय दाखवावें? बोभाटा झाल्यावर सरकारला मागें यावें लागलें. पण दरवेळीं बोभाटा कामास येईल या भरंवशावर धंदा करावयाचा काय?

कोणी म्हणतील, "लिहिलें कीं कर लागतो." ही समजूत ज्यानें पसरविली त्याची बुद्धि धन्य! आपल्या राज्यांत केवळ माल विकणाऱ्यास सामान्यतः वर्षाला 40 लाख आणि सेवा देणाऱ्यास 20 लाख विक्रीपर्यंत जीएसटीची नोंदणी सक्तीची नाहीं. त्यावरच्या व्यापाऱ्यास दीड कोटीपर्यंत आपसमेळ योजना आहे. विक्रीच्या शेकडा एक कर, तोही तिमाहीस. आयकरांत छोट्या धंदेवाल्यास विक्रीच्या शेकडा 8, बँकेमार्फत आलेल्या रकमेवर 6, इतका नफा धरून मोकळें होतां येतें. या सवलती खऱ्या. पण आपली विक्री किती, हेंच ज्याला ठाऊक नाहीं त्याला सवलत तरी कशी सांपडावी? न लिहिणारा कर चुकवीत नाहीं; तो आपला हक्क चुकवितो.

सरकारलाही विचारतों. ज्याचें शिक्षण मराठी सातवीपर्यंत, त्याला नोटीस इंग्रजींत कां? मराठी राज्यांत करदात्यास मराठींत कागद मिळणें ही मेहेरबानी नव्हे.

तेव्हां बांधवांनो, एवढें करा. रोज दुकान बंद करतांना जमा, खर्च, उधारी व शिल्लक अशा चार ओळी लिहा. तुम्हांला जमत नसेल तर शाळेंत जाणाऱ्या मुलीला लिहूं द्या. घरांतली सून शिकलेली असेल तर वही तिच्या स्वाधीन करा. घरचें खातें व धंद्याचें खातें वेगळें ठेवा. नोंदणीवर नंबर आपला, पासवर्ड आपला. ओटीपी कशाचा हें विचारल्यावांचून सांगूं नका. कर आपल्या खात्यांतून भरा, चलन फायलींत लावा. वीस हजार वा त्याहून अधिक कर्ज रोखीनें घेऊं नका. कायद्यांत तितकाच दंड आहे. प्रामाणिक सल्लागारास त्याची फी जरूर द्या. तो सल्ल्याचा धनी आहे, तुमच्या दप्तराचा नव्हे.

येत्या पाडव्यास वहीवर फूल वाहिलें नाहीं तरी चालेल. गेल्या वर्षाचीं पानें भरलेलीं असावींत, म्हणजे पूजा पोंचली.

— एक खेड्यांतील शाळामास्तर