तर, तम आणि तारतम्य

इंग्रजीच्या उत्तरपत्रिकांत ‘मोअर बेटर’ आणि ‘मोस्ट टॉलेस्ट’ असे प्रयोग वर्षानुवर्षे आढळतात. त्यांवर लाल रेघ ओढली जाते, गुण वजा होतात आणि मुलाचे इंग्रजी कच्चे असल्याचा निर्वाळा दिला जातो. आमच्या मते या चुकीकडे अधिक आस्थेने पाहिले पाहिजे. कारण तिच्यामागे मतिमांद्य नसून मातृभाषेचे वळण आहे.

मराठीत ‘मोठा, मोठी, मोठे’ असे विशेषण लिंगवचनानुसार बदलते. तुलनेसाठी मात्र ते बदलत नाही. ‘पेक्षा’, ‘अधिक’, ‘सर्वांत’ हे शब्द जोडले की काम भागते. इंग्रजीची रीत नेमकी उलट आहे. तेथे ‘टॉल’सारख्या आखूड विशेषणाचे ‘टॉलर’, ‘टॉलेस्ट’ होते; ‘ब्यूटिफुल’सारख्या लांब विशेषणाआधी ‘मोअर’, ‘मोस्ट’ येते; ‘गुड’ तर ‘बेटर’, ‘बेस्ट’ असे रूपच पालटते. ‘अधिक चांगला’ म्हणणाऱ्या मुलाला ‘बेटर’मध्ये ‘अधिक’ आधीच सामावला आहे, हे कोणी तरी सांगावे लागते.

ते सांगण्याची सोय आपल्याच भाषेत आहे. लघुतम साधारण विभाज्य आणि महत्तम साधारण विभाजक मुलांनी गणितात काढलेले असतात. त्यांतील ‘तम’ हा सुपरलेटिव्हचा संस्कृत प्रत्यय. ‘तर’ हा कम्पॅरेटिव्हचा. ‘श्रेष्ठ’, ‘कनिष्ठ’ यांतील ‘इष्ठ’ आणि इंग्रजीतील ‘एस्ट’ यांचे मूळही एकच आहे. ‘श्रेष्ठ’ म्हणजेच सर्वांत चांगला. तरीही सुशिक्षित माणसे ‘श्रेष्ठतम’ लिहितात. मग ‘मोस्ट टॉलेस्ट’ लिहिणाऱ्या मुलालाच का हसावे?

याहून मोठा प्रश्न उदाहरणांचा आहे. हा पाठ शिकवताना वर्गातलीच दोन मुले उभी करून कोण गोरा, कोण काळा, कोण हुशार, कोण मठ्ठ, अशी वाक्ये करवून घेतली जातात. व्याकरण साधते, पण निवासी शाळेत असे विशेषण वर्गातून वसतिगृहात जाते आणि त्या मुलाचे टोपणनाव होऊन बसते.

त्यापेक्षा मोजता येईल तेच तोलावे. कळसूबाई १६४६ मीटर, साल्हेर १५६७ मीटर. म्हणून कळसूबाई ‘हायर’ आणि महाराष्ट्रात ‘हायेस्ट’. हिमालयाशेजारी मात्र तीच ठेंगणी ठरते. ‘दॅन’ आला की कोणापेक्षा, हे सांगावे लागते आणि ‘हायेस्ट’ म्हटले की कोठे, हेही. मोठेपणा संदर्भावाचून नसतो, हे मुलाला येथेच उमगावे.

‘तर’ आणि ‘तम’ या दोन प्रत्ययांपासूनच ‘तारतम्य’ हा शब्द घडला आहे. निकालपत्रक हाती घेऊन ‘शेजारचा तुझ्यापेक्षा हुशार’ असे म्हणण्यापूर्वी पालकांनी, आणि फळ्यावर पुढचे उदाहरण लिहिण्यापूर्वी शिक्षकांनी, हा शब्द आठवावा, एवढीच आमची विनंती आहे.